आशाच्या घरी कोण जाते?

ममताचं सांगाचं म्हणजे आधी माह्याच थोबाडीत मारा लागते. मी इंदूबाई, वीस आशा सेविकांवर देखरेख करणारी. ममता त्यातलीच एक, पुसदजवळच्या तांड्यावरची. बाळंतीण घरी आली की आशानं ठरलेल्या दिवशी तिच्या घरी जायचं, लेकराचं वजन करायचं, फॉर्म भरायचा. बाकीच्या एकदा जात, ममता भर उन्हात दोनदा. तांड्यात बंजाऱ्यांची गोरबोली, गावात मराठी, डॉक्टरसंग हिंदी. कोणाची सासू कशानं ऐकते, तेही तिले पक्कं ठाऊक.

गेल्या वर्षी ट्रेनिंगले एका मॅडमनं एकेकीले उभं करून विचारलं, तुझा मोठा गुण कोणता? आमच्या बाया पदर तोंडाले लावून हसत बसल्या. ममताले तवा आठवा महिना. खुर्ची धरून उठली न म्हणाली, "मले कोणाले विचारा लागत नाही." टाळ्या पडल्या. पहिली टाळी माही.

मुलगी झाली. आई वारलेली, म्हणून माहेर नाही. सासू-सासरे ऊसतोडीले गेलेले. नवरा प्रेम वणीले कोळशाच्या ट्रकवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी. आणि तांड्याची आशा म्हणाल तर ती स्वतःच. तिच्याकडे बाजूच्या गावची आशा पाठवणं माहं काम होतं. म्या पाठवली नाही. म्हनलं, ममताले कोण काय शिकवणार? मग तिनं आपल्याच लेकराचं वजन केलं, आपलाच फॉर्म भरला. आशाच्या रकान्यात सही तिची, आईच्या रकान्यात बी तिचीच. ती मले फॉर्मचे फोटो पाठवत गेली अन् मी न वाचता "ओके" करत गेली. सुंठीवाचून खोकला गेला, असंच वाटलं मले.

चोविसाव्या दिवशी महिन्याचा अहवाल कराले बसली, तवा ते फॉर्म पहिल्यांदा वाचले. जन्माचं वजन दोन किलो आठशे. सातव्या दिवशी दोन सहाशे. चौदाव्याले अडीच. एकविसाव्याले बी अडीच. तिनं एक आकडा लपवला नव्हता. मले लय लाज वाटली. स्कूटी काढली न निघाली.

अंगणात तीन बाया दिसल्या. बरं वाटलं, म्हनलं कोणी तरी आहे हिच्यापाशी. कायचं काय! शेजारच्या बिजलीबाईची सून आपल्या लेकराचं वजन कराले आलेली, दुसरीले गोळ्या पाहिजे होत्या, तिसरी नुसतीच संग आलेली. ममता हातात काटा धरून उभ्यानं समजावून सांगून राह्यली होती, अन् तिचं लेकरू आत बारीक रडत होतं. म्या बायांले वाटेले लावलं.

"फोन काहून नाही केला?"

"काय सांगू ताई? की मलेच पाजता येत नाही?" ती म्हणाली. "सारा तांडा माह्यापाशी शिकला. मी कोणापाशी जाऊ?"

तिनं लेकरू पाजाले घेतलं, तशी मी समोर बसली. पोरीच्या तोंडात स्तनाचं नुसतं टोक जात होतं. हीच चूक ममतानं किती जणींची समोर बसून सुधारली असन. स्वतःच्या समोर कोणाले बसता येते? म्या पोरगी जवळ ओढून दिली, ममताच्या पाठीमागं उशी लावली. बऱ्याच वेळानं घोट ऐकू आला. डॉक्टरले फोन केला, ते म्हणाले उद्या सकाळी दाखवाले आणा.

मग म्या कोरा फॉर्म काढला अन् कोणत्याही बाळंतिणीले विचारतो तसं मोठ्यानं विचारलं, "आई दिवसातून किती वेळा पोटभर जेवते?"

"चार वेळा जेवावं," ती चटकन म्हणाली.

"जेवावं नाही. तू किती वेळा जेवली?"

ती लेकराकडे पाहत म्हणाली, "काल एकदा. परवाचं ध्यानात नाही." अन् रडाले लागली. पोरीचं दूध तुटू नये म्हणून अंग न हलवता रडत होती.

तिले भात टाकून खाऊ घातला. निघताना म्हनलं, "उद्या येतो, डबा घेऊन. मग संगंच दवाखान्यात जाऊ."

"किती वाजता?"

"नऊले."

"साताले नाही जमणार का, ताई?"