लेकुरवाळी

मनकर्णाबाई गंगापूरकडच्या खेड्यातून मुकुंदवाडीला लेकीकडं आल्या, त्या नातीला घेऊन जायलाच. पाच महिन्यांची पोर, अन् तिला सांभाळतंय कोण, तर जावई! प्रेरणा कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, तिची नोकरी पक्की. सोमनाथची कंपनीतली कच्ची, म्हणून त्यानं आपली सोडली. पोरीला पाठीशी बांधून हा गडी भांडी काय घासतो, भाजी काय आणतो! बाईंना गल्लीत मान वर करायची चोरी झाली. बाई मनाच्या वाईट नव्हत्या हो, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली.

"बाप्यामाणसाला लेकरू कळतं व्हय?" असं म्हणत त्यांनी आल्या आल्याच नातीच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं. चालायला लागली की आणून सोडते म्हणाल्या. सोमनाथला जेवण गोड लागेना.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक काचेची बरणी होती. प्रॅक्टिकलसाठी प्रेरणानं तळ्यातले किडे आणले होते, त्यातला एक. बाईंनी वाकून पाहिलं अन् चेहरा खुलला.

"अगं बया! ही तर आमच्या तळ्यातली लेकुरवाळी!"

बदामाएवढा चपटा, तपकिरी किडा, पाठीवर बाजरीचे दाणे चिकटवावेत तशी अंडी. तळ्यावर धुणं धुताना हा किडा पायाला असा कडकडून चावतो की डोळ्यांत पाणी येतं. तरी पाठीवर अंडी दिसली की गावातली कुठलीच बाई त्याला मारत नाही. लेकुरवाळीवर हात कसा उचलायचा?

"बघा जावईबापू," बाईंना जोर चढला, "येवढासा जीव, पण लेकरं पाठीवरून उतरवत नाय. आई ती आईच!"

प्रेरणाला हसू आवरेना. "आई, ती लेकुरवाळी नाही. तो नर आहे. बाप."

"कायतरीच! बापाला अंडी असत्यात व्हय?"

"अंडी आईचीच. ती त्याच्या पाठीवर चिकटवते अन् जाते. पुढं सगळं ह्याच्याकडं. सारखा वर येऊन अंड्यांना हवा देतो, मागच्या पायांनी ती साफ करतो, नाहीतर बुरशी चढते. पंख अंड्यांखाली अडकलेले, म्हणून उडताही येत नाही. पिल्लं बाहेर पडेपर्यंत सुटका नाही त्याची."

"आन् ती लेकरं टाकून गेली? कसली म्हणायची निलाजरी!"

प्रेरणाचं हसू मावळलं. "मी पण रोज टाकूनच जाते ना, आई," एवढं बोलून तिनं पर्स उचलली अन् ती कॉलेजला निघून गेली.

बाईंच्या काळजात चर्र झालं. पण तोंडातून गेलेला शब्द परत थोडाच येतो? दुपारभर त्या बरणीपाशी बसून राहिल्या. तो किडा पाण्याच्या वर यायचा, पायांवर खालीवर हलायचा, थकला की जरा थांबायचा, पुन्हा हलायचा. पलीकडं सोमनाथ पोरीला मांडीवर घेऊन तिच्या मानेच्या वळ्या ओल्या फडक्यानं पुसत होता. पोर खिदळत होती.

अन् बाईंना आठवली तापानं फणफणलेली प्रेरणा. दवाखान्यातून गावापर्यंतची पायवाट, कडेवर पोर, कमरेचा काटा ढिला झालेला. पुढं नवरा, पुंजाराम, मोकळ्या हातांनी. 'घ्या की जरा' म्हटलं तर म्हणाला, 'लोक हसतील.' मोठ्यांदेखत बापानं आपलं लेकरू उचलायचं नाही, अशी रीत होती ना! कसली मेली रीत! बाईंना आज, इतक्या वर्षांनी, नवऱ्याचा कडकडून राग आला.

संध्याकाळी प्रेरणा आली तेव्हा नातीचं गाठोडं सुटलेलं होतं. कपडे पुन्हा कपाटात होते.

"चुकलं माझं, पोरी," बाई म्हणाल्या. "तुझ्या लेकीला काय कमी नाय. न्यायचंच तर ह्याला नेते, आपल्या तळ्यात सोडते. तुझं काम झालंय ना?"

प्रेरणानं आईच्या गळ्यात हात टाकले.

सकाळी सोमनाथ त्यांना जीपपर्यंत सोडायला आला, पोर पाठीला बांधलेली. जीपमधल्या एका बाईनं त्याला खालीवर न्याहाळलं अन् पदर तोंडाला लावून विचारलं, "काय ओ मावशी, लेकराला आई नाय का?"

"हाय की, कामाला गेली," मनकर्णाबाई ठसक्यात म्हणाल्या. "आमचे जावई लेकुरवाळे हायती."

सोमनाथ मान खाली घालून हसला. जीप हलली. बाईंनी मांडीवरची बरणी दोन्ही हातांनी धरली. तळ्यावर नंतर जायचं. आधी घरी जाऊन ही बरणी पुंजारामच्या हातात द्यायची होती.