जन्मदाखल्यावरची आई

फ्रान्समधल्या आमच्या छोट्या गावाच्या नगरपालिकेत लग्नाची तारीख मिळाली, तेव्हा मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मी तिथे सहा वर्षं राहतेय, नोकरी करतेय. ज्याच्याशी लग्न करायचं तो तिथलाच, त्याच गावात लहानाचा मोठा झालेला. त्याला काय, दोन कागद दिले की मोकळा. मी पडले परदेशी, माझी फाईल त्याच्या चौपट जाड. अविवाहित असल्याचा दाखला, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आणि सहा महिन्यांच्या आत काढलेली जन्मदाखल्याची नवी प्रत, तीही शिक्क्यांसकट. मी जन्मले हे मधल्या काळात कुणी रद्द करणार होतं की काय, देव जाणे.

जुनी प्रत मी आधी नुसती दाखवायला दिली होती. काउंटरवरच्या बाईंनी ती पासपोर्टशेजारी ठेवली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि अगदी शांतपणे विचारलं, "यातली तुमची आई कुठली?"

जन्मदाखल्यावर आईचं नाव एक होतं आणि पासपोर्टच्या शेवटच्या पानावर दुसरं. आडनाव तेच, बाबांचं नाव तेच, आई तेवढी वेगळी. मी म्हटलं, दोन्ही एकच बाई आहे, आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव ना, त्या म्हणाल्या. नाही, आडनाव तर बदलतंच, नावसुद्धा. बाईंनी पेन खाली ठेवलं. कोण बदलतं? नवरा. ताटात तांदूळ पसरतात, त्यात तो अंगठीने नवं नाव लिहितो, मग सगळ्यांना पेढे वाटतात. हे फ्रेंचमध्ये सांगताना मला ते पहिल्यांदाच चमत्कारिक वाटलं, आणि तसं वाटल्याचा स्वतःचाच राग आला. आपल्या घरातली गोष्ट परक्याला समजावायची वेळ आली की माझं असंच होतं.

दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दोनपैकी एक कागद दुसऱ्यासारखा करून आणा. जन्मदाखला दुरुस्त करायचा तर भाईंदरला जाऊन पंधरा दिवसांत काम होण्यासारखं होतं. पासपोर्ट बदलायचा तर वकिलात, मग तिथला राहण्याचा परवाना, म्हणजे चार-पाच महिन्यांची निश्चिंती. तेवढा वेळ नव्हता. आई-बाबांचा व्हिसा आला होता, तिकिटं काढून झाली होती आणि लग्नाहून परतल्यावर लगेच बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. ती आता पुढे ढकलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तारीख हुकली तर माझं लग्न आई-बाबांशिवाय होणार, हे उघड होतं. मी रजा टाकली आणि भाईंदर गाठलं.

हा घोळ माझ्या आजोबांनी घातलेला. आईचं माहेर भाईंदरजवळच्या मुर्धा गावातलं. आजोबा मिठागरावर कामाला होते. पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाने मी तिथे जन्मले आणि नोंद करायला आजोबा गेले. आईचं नाव काय, असं विचारल्यावर त्यांनी तिचं माहेरचं नाव सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नवं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. बाबांनी नंतर विचारलं तर म्हणाले, "तुमच्या घरी ती कोन पन असू दे. माझी पोर हाय, तिचं नाव मला ठावं हाय." आमच्याकडे हा किस्सा वर्षानुवर्षं हसत सांगितला जायचा.

नाव बदलण्यामागेही कुणाचा दुष्टपणा नव्हता. बाबांचं कुटुंब परळहून भाईंदरमधल्या खारीला फ्लॅट घेऊन आलेलं. आत्याचं लग्न व्हायचं होतं आणि तिचं नाव नेमकं आईचंच. एका घरात हाक मारली की दोघी धावत येणार, म्हणून बाबांनी ताटात दुसरं नाव लिहिलं. पुढे रेशनकार्ड, बँक, आधार, माझी शाळा, पासपोर्ट, सगळीकडे तेच लागलं. बाबा स्वतः तिला आयुष्यभर 'अगं' म्हणत आलेत, हा भाग वेगळा.

महापालिकेतल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस भला होता. माहेरी बाळंतपण झालं की हे व्हायचंच, रोज येतात अशी माणसं, म्हणाला. अर्ज, प्रतिज्ञापत्र, आईचं आधार, आणि आईने इथे समोर सही करायची. बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात अर्ज भरला. आई बाकावर बसली होती. मी पेन पुढे केलं तर म्हणाली, चष्मा घरी राहिला. दुसऱ्या दिवशी अमावास्या निघाली. तिसऱ्या दिवशी पाणी यायची वेळ झाली म्हणून ती जागची हललीच नाही.

माझं डोकं फिरलं. आधीच सरकारी काम आणि सहा महिने थांब, त्यात घरचीच बाई खीळ घालतेय. मला वाटलं, हिला गोरा जावई नकोय. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून हे चाललंय. एरवी व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी हातवारे करून तासभर बोलायची, तेही मला आता नाटक वाटायला लागलं. दुपारी ती स्वयंपाकघरात सुका जवळा निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या तिच्यावर तोफ डागली. पसंत नसेल तर सरळ सांग, मी काही आंधळी नाही, मला सगळं दिसतंय, असलं काय काय बोलले. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आई निवडायची थांबली. "तो चांगला आहे गं," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. त्या कागदात काय लिहिलंय ते वाचलंस तू?"

मी वाचलं नव्हतं. प्रतिज्ञापत्राचा मजकूर ठरलेला असतो, वकिलाने टाईप केलेला.

"आईचे नाव चुकीने नोंदवले गेले आहे, ते रद्द करावे, असं लिहिलंय. चुकीने कसं? तेच तर माझं नाव."

मग तिने जवळ्याकडे बघतच सांगितलं. तिचा शाळेचा दाखला पुराच्या पाण्यात गेला. आजी-आजोबा गेले, मामा गेला. मुर्ध्याला गेलं तर भाचे आत्या म्हणतात, त्यांच्या बायकाही आत्याच म्हणतात. "त्या नावानं मला हाक मारणारं आता कोण हाय? एवढा एकच कागद हाय."

'हाय' तिने लग्नानंतर सोडलं होतं. परळची माणसं हसायची म्हणून. मी तिच्या तोंडून ते फारच क्वचित ऐकलंय. मी तिच्यासमोर बसले आणि जवळा निवडायला लागले. तेही मला नीट येत नाही.

मी विचार करत राहिले. परदेशात माझ्या नावाचे रोज तुकडे पडतात. कॉफीच्या दुकानात, दवाखान्यात, ऑफिसात. मी थांबून प्रत्येकाला दुरुस्त करते, पुन्हा म्हणायला लावते, लोक कंटाळतात तरी सोडत नाही. लग्नानंतर कुठलं नाव लावणार, हा रकाना त्याच नगरपालिकेच्या अर्जात होता. माझंच, असं मी अर्ध्या सेकंदात लिहून मोकळी झाले होते, वर त्याचा थोडा अभिमानही होता. आणि माझ्या आईला मुळात नाव होतं, ते तिचं स्वतःचं होतं, हे मला तेहतीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आजोबांच्या किश्शाला मी सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चांगली साडी नेसून, चष्मा लावून दारात तयार. चल, सही करते, म्हणाली. तिने सगळा विचार केला होता. मला तुझं लग्न डोळ्यांनी बघायचंय, कागद काय, कागदच. बाबांना हायसं वाटलं. रिक्षावाल्याशी त्यांनी हिंदीत नेहमीची हुज्जतही घातली नाही.

खिडकीसमोर आईने अर्ज हातात घेतला, एकदा पूर्ण वाचला आणि पेनाचं टोपण काढलं. मी तो अर्ज तिच्या हातातून ओढून घेतला. असं काही करायचं मी ठरवलेलं नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं. "मी पासपोर्ट बदलते."

"मग आम्ही कसे येणार?"

"नाही येता येणार."

बाबा चिडले. वेड लागलंय का तुला, तिकिटं, व्हिसा, मुलाकडची माणसं काय म्हणतील, एका नावासाठी कुणी लग्न पुढे ढकलतं का. ते चूक बोलत नव्हते. मागे रांग होती, खिडकीवरचा माणूस म्हणाला, मॅडम, काय ते नक्की करा. मी त्याला म्हटलं, दुरुस्ती काही नाही, आहे तशीच नवी प्रत द्या. आई एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. अडवायला मात्र ती आली नाही.

आम्ही रिक्षाने परतलो. घराजवळ आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "मी तेव्हा विचारलं होतं तिला, चालेल का म्हणून. हो म्हणाली होती."

आई बाहेर बघत म्हणाली, "मांडवात कोण नाही म्हणतं?"

बाबांनी रिक्षाचे पैसे दिले. जिना चढताना त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, तीही दुखऱ्या गुडघ्यांनी.

लग्न पाच महिन्यांनी झालं. आई यायला हवी होती, हे मला त्या दिवशी सकाळपासून इतकं जाणवत होतं की मी दोनदा बाथरूममध्ये जाऊन रडले. तिथे सकाळ होती, भाईंदरला दुपार. माझ्या नणंदेने फोन धरला होता. पडद्यावर बाबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते आणि त्यांच्या शेजारी आई, लग्नासाठी घेतलेल्या पैठणीत, सोफ्याच्या अगदी कडेवर. गावचे मेयर तिरंगी पट्टा घालून उभे राहिले आणि नोंदवहीतला मजकूर वाचायला लागले. तिथल्या पद्धतीप्रमाणे वधू-वरांच्या आई-वडिलांची नावंही मोठ्याने वाचतात. बाबांच्या नावाची त्यांनी पार वाट लावली. मग ते जरा थांबले आणि आईचं नाव वाचलं, एकेक अक्षर सांभाळत, जन्मदाखल्यावर होतं तसं.

फोनमधून आईने ओ दिली.

मोठ्याने नाही. दारातून कुणी हाक मारल्यावर बाई हातातलं काम न सोडता आतून देते, तशी. सगळे फोनकडे वळले. पडद्यावर बाबा मान वळवून तिच्याकडे बघत होते. मेयर थांबले आणि त्यांनी मला विचारलं, काही बिघडलंय का, आवाज नीट येत नाही का.

मी म्हटलं, नाही, नाव बरोबर आहे, पुढे वाचा.