उघड्या घोड्याचं रिव्हॉल्व्हर

दोहा शहरातली ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी तिथल्या एका मराठी कंत्राटदाराकडे सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. फुटबॉल विश्वचषकाची तयारी चालू होती. शहरभर क्रेन उभ्या होत्या आणि स्टेडियमच्या आवारात ज्याला एखादी पत्र्याची शेड बांधायला मिळाली, तोही राष्ट्र उभारत असल्यासारखा चालायचा. आमचे मालक त्यातलेच. बाहेर डांबर मऊ पडत असतानाही ब्लेझर घालायचे.

एकदा त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "रोज कमरेला बाळगायचं, पण दिसायचं नाही, असं रिव्हॉल्व्हर कोणतं चांगलं?"

"तुम्हाला इथे परवाना मिळणार नाही."

"माहितीसाठी विचारतोय हो."

साध्या वेशातल्या ड्यूटीवर मी वर्षानुवर्षं रिव्हॉल्व्हर बाळगलं होतं, म्हणून खरं तेच सांगितलं. नळी आखूड हवी, नाहीतर बसताना टोचते. वजन कमी हवं, नाहीतर ते आठवड्याभरात कपाटात जाऊन पडतं. आणि मागचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा खटका, झाकलेला हवा. उघडा घोडा कपड्यात अडकतो, हत्यार ऐनवेळी बाहेर येत नाही आणि कापड आतून फाटत राहतं. माझ्या शर्टांना ठिगळं लावून लावून बायको वैतागली होती.

मालकांनी मोबाइलवर फोटो दाखवला. लांब नळी, चकचकीत अंग, घोडा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा वर.

"याला रुबाब आहे."

"लपवायचंय ना? मग रुबाब कोणाला दाखवणार?"

ते हसले. विषय तिथेच मिटला, असं मी धरून चाललो.

काही महिन्यांनी स्टेडियमच्या गेटवरून पहारेकऱ्याचा फोन आला. "साहब, आपका ड्राइवर पकड़ा गया. गाड़ी में पिस्तौल मिला."

पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावर मुद्देमाल होता, तोच तुरा. हातात घेताच कळलं, नक्कल आहे. धातूची, वजनाला अस्सल, पण गोळी सुटणार नाही. तपासी अधिकाऱ्याने इंग्रजीत बजावलं की नक्कल असली तरी गुन्हा गुन्हाच.

ड्रायव्हर रत्नागिरीकडचा, अल मन्सूऱ्यात खोली करून राहणारा. पाणीसुद्धा घेत नव्हता.

"साहेब, अल्लाशपथ, मला ठाव नाय. शेठना हॉटेलात सोडलं, त्यांनी नकाशे आणायला पाठवलं. गेटवर सीटखालून ह्यांनी काढलं."

"हॉटेलच्या दारात तपासणी होती?"

"होती ना. परदेशी पावणे होते."

म्हणजे मालकांनी कमरेचं काढून सीटखाली सरकवलं होतं. मला खात्री पटली, पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. गाडीत एकटा सापडला होता तो ड्रायव्हर. त्याला परत पाठवलं असतं तर या देशाचं दार कायमचं बंद, आणि गावात बंदुकीसह धरलेला म्हणून ओळख.

केबिनमध्ये मालक शांत होते. "त्याला सांगा, पोरासाठी खेळणं घेतलं म्हणून कबूल कर. गरीब माणूस आहे, सोडतील. फार तर घरी पाठवतील. तिकीट मी काढतो."

"आणि त्याची नोकरी?"

"ड्रायव्हर काय, रोज मिळतात. खलास करा विषय."

मी सेवेत खून करणाऱ्यांचे जबाब घेतले आहेत. त्यातले बरेच निदान खाली बघून बोलायचे.

ब्लेझर खुर्चीच्या पाठीला होता. मी तो उचलून आतून उलटा केला. उजव्या कमरेपाशी अस्तर उभं फाटलं होतं, शिवलं होतं आणि त्याच जागी पुन्हा फाटलं होतं.

"हे काय?"

"जुना आहे."

"मागच्या दिवाळीत हा नवा शिवला म्हणून पेढे वाटलेत तुम्ही."

"तुम्ही रिटायर्ड आहात, विसरू नका."

"नाही विसरलो. म्हणून तर कोणाला विचारावं लागत नाही." ब्लेझर हातावर टाकून मी निघालो.

ठाण्यात तपासी अधिकाऱ्याने रिव्हॉल्व्हर अस्तराखाली धरलं. घोडा फाटक्या जागेत बरोबर बसला. मग त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. खोचलेला अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट, अस्तर कुठलं? मालकांना बोलावणं गेलं. ते आले, ब्लेझर पाहिला आणि कबूल झाले. ओळखीपाळखीने लेखी हमीवर सुटले. ड्रायव्हर निर्दोष ठरला. मालकांना ना कोठडी, ना परतीचं तिकीट. त्याची चीड मला अजून येते.

इतकी वर्षं मी आरोपींना विचारत आलो, हत्यार आणलं कुठून? त्या प्रकरणानंतर वाटतं, आधी विचारावं की तेच का निवडलंस. लपवण्यासाठी घेतलेली वस्तूसुद्धा ज्याला चकचकीत लागते, तो दुसऱ्याच्या गळ्यात ती बांधायला मागेपुढे पाहत नाही.

ठाण्यातून परतताना गाडी ड्रायव्हरच चालवत होता. मालक मागे बसले होते. माफी सोडा, जेवलास का, एवढंही त्याला विचारलं नाही. ओल्ड एअरपोर्टच्या सिग्नलला ते मला म्हणाले, "ते परत मिळेल ना हो? महागातलं होतं."

मी तोंड उघडायच्या आत ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

"इन्शाल्ला, शेठ," तो म्हणाला, आणि गियर टाकला.