आईच्या नावाचं पातेलं

आईचं नाव इथं लिहीत नाही. ती म्हणते, "ते आता माझं कुठं राह्यलंय?" आणि तिचं खरंच आहे.

तेरजवळच्या आमच्या गावात लग्नाच्या पंगती आधी पुरुषांच्या, मग बायकांच्या. सकाळपासून चुलीपाशी राबणाऱ्या बायका सर्वांत शेवटी जेवायच्या. तोवर बुंदी संपलेली आणि आमटीचं पाणी झालेलं असायचं. सून म्हणून आलेल्या आईला हे पटलं नाही. नैवेद्य निघाला की पहिल्या पंगतीआधी ती या बायकांसाठी एक पातेलं भरून बाजूला ठेवू लागली. वर परात झाकून तिथंच बसायची. पाहुणे खोळंबले तरी हलायची नाही.

गाव काय गप्प बसतंय? "आधी पोटोबा, मग विठोबा," असं तिला तोंडावर ऐकवलं. कुणी स्वतःसाठी आधीच काही काढून ठेवलं, की तिचं नाव घेऊन हसायचे. मला भयंकर राग यायचा, कारण त्या पातेल्यातला घास आईनं कधी खाल्ला नव्हता. ती वाढायची आणि घरी येऊन भाकरी खायची. तिचं नाव कुणीतरी मानानं घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

हळूहळू इतर घरांतही पातेलं निघू लागलं. चेष्टा विरली, नाव तेवढं राहिलं, तेही झिजून निम्मं. आता आमच्या भागात त्या पातेल्यालाच आईचं नाव आहे.

परवा शेजारच्या लग्नात तुळजापूरचा केटरिंगवाला होता. पहिली पंगत बसायच्या आत त्यानं आईचं अर्धं नाव घेऊन आपल्या माणसांना विचारलं, "काढली का रे?" मी म्हटलं, "कोण होती ती, ठाऊक आहे का?"

"बाई न्हाय ती, मावशी. पातेलं असतंय. सगळीकडं असंच म्हणत्यात."

माझी छाती फुगली. मी खुर्चीवर बसलेल्या आईकडं बोट दाखवलं. "ही ती. माझी आई."

चुलीपाशी राबणाऱ्या बायका वळून आईकडं बघू लागल्या. शेवटी त्यांची पंगत बसली, तेव्हा भाकरी थापणारी एक बाई पदराला हात पुसत आली आणि आईला उठवून आपल्या बायकांच्या पंगतीत घेऊन गेली. "काकू, लई वाढलं तुमी. आज बसा."

आई बसली. त्या पातेल्यातलं वाढायला मी होते.

"आमटी गरम हाय गं," पहिला घास घेऊन ती म्हणाली.