आईचं ‘एक्सक्यूज मी’

आईने वाळत घातलेले चिकूचे काप शेळ्यांनी खाल्ले, यात शेळ्यांची काही चूक नव्हती. चार वर्षं मी त्यांच्यावर ढकलत आलोय. आज सांगून टाकतो.

तलासरीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. आमचे मॅनेजर गुजरातीत चिडतात आणि मराठीत चहा मागवतात; पण मुंबईच्या हेड ऑफिसबरोबर ऑनलाइन मीटिंग असली की सगळ्यांच्या अंगात इंग्रजी येतं. (माझ्या जरा जास्तच!) पाय मुरगळून मी सरावलीला घरी बसलो आणि मीटिंगही घरी आली. मी आईला बजावलं, "मराठीचा एक शब्द बाहेर जाता कामा नये. नोकरीचा प्रश्न आहे." अगदीच अडलं तर ‘एक्सक्यूज मी’ म्हणायचं, हेही तिच्याकडून तीनदा घोटून घेतलं.

नेमकी तेव्हाच आईच्या बचत गटाला पहिली ऑर्डर मिळाली होती. अंगणात चार खाटांवर काप वाळत होते, दुसऱ्या दिवशी डहाणूला पोचवायचे होते.

मीटिंग सुरू झाली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी अशा थाटात मी स्टॉकवर बोलू लागलो, तोच आई दारात आली.

"एक्सक्यूज मी."

मी हातानेच थांबवलं. ती अंगणात डोकावून परत आली. "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी." मी डोळे वटारले. मग तिने कपाळाला दोन बोटं लावून शिंगं दाखवली. मला वाटलं, साहेब चिडलेत का, असं विचारतेय. मी मान डोलावली.

बिचारी बाहेर जाऊन नुसता पदर हलवत राहिली. ओरडल्याशिवाय शेळ्या हलत नाहीत, आणि ओरडायला तिच्याकडे इंग्रजी नव्हतं.

तासाभराने मी लंगडत बाहेर आलो. चारही खाटा साफ!

"अरे," आई म्हणाली, "इंग्रजीत शेळी हाकलतात कशी, ते तू शिकवलंच नाहीस."

गटाच्या बायकांनी पुन्हा चिकू कापले, ऑर्डर आठवडाभर उशिरा गेली. आई अजूनही सगळ्यांना सांगते, "पोराच्या नोकरीपायी गप्प बसले हो." बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी खाली बघतो.

कारण त्या दिवशी लॅपटॉप बंद करताना मला दिसलं, माझा माइक पहिल्या मिनिटापासून बंद होता. स्टॉकवरचं माझं भाषण कुणालाच ऐकू गेलं नव्हतं, आणि ते ऐकू येत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

ही कबुली इंग्रजीत लिहिली असती तर आईच्या तावडीतून सुटलो असतो. पण एवढं इंग्रजी मला येतं कुठे!