रेश्माची गाडी अन् काळा दोरा

खोटं कशाला बोलू, माझी धाकटी जाऊ रेश्मा घरात आली त्याला बारा वर्सं झाली, अन् बारा वर्सं मी तिच्यावर जळत आले. लोक म्हनतात, जळक्या बाईच्या अंगाला खाल्लेलं लागत न्हाई. आता माझ्याकडं बघून कुनी तसं म्हनलं तर मी काय बोलनार, पन तिच्याकडं बघून कुनाला जळावं वाटलं न्हाई तर तो मानूस न्हाईच.

मी पाथर्डीकडची. आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे, मोठी झाल्यावर मी बी गेले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, वर मोळी टाकायची, खाली यायचं. त्या मोळ्यांनी दाबली म्हना का आमचं बियानंच तसलं म्हना, उंची काय वाढली न्हाई. पन ओझ्याला मी कुनाला ऐकत न्हाई. मला कुनी बुटकी म्हनलं की माझी तळपायाची आग मस्तकाला जाते. वस्तीवर सगळ्यांना ते ठाऊक हाय.

रेश्मा बेलापूरची. तिच्या बापाचा टेम्पो हुता. त्यांच्या घरात पोरींना रांगोळी शिकवतात का न्हाई देव जाने, पन जॅक लावायला शिकवतात. लग्नात पाटावर उभी राह्यली तर माझ्या दिराच्या, प्रवीणच्या, डोक्याच्या वर तिच्या मुंडावळ्या. मी तेव्हाच मनात म्हनलं, ही बया कुनाच्या खाली राहायची न्हाई.

आमची वस्ती राहात्यापासून चार किलोमीटरवर, कालव्याच्या चारीच्या कडेला. सहा घरं अन् सगळ्यांच्या पेरूच्या बागा. आमचे मालक अमृत थोरले, प्रवीण धाकटा. वाटन्या झाल्या, बागा वेगळ्या, चुली वेगळ्या. प्रवीणला शिर्डीत एका लॉजवर काम लागलं अन् त्याच्या पिकअपवरचा ड्रायव्हर सोडून गेला. दुसऱ्या दिवशी रेश्मानं साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवला, चावी घेतली अन् पेरू राहात्याला पोचवून आली. आत्याबाई, म्हंजे आमच्या सासूबाई बनाबाई, तीन दिवस तिच्याशी बोलल्या न्हाईत. चौथ्या दिवशी गुडघ्याचं औषध आनायला त्याच गाडीत पुढं बसून गेल्या. येताना काच खाली करून अशा बसल्या हुत्या की चारीवरच्या म्हशींनी सुदीक बघावं.

गाडी आमच्याकडं बी हाय. तीच कंपनी, तोच रंग, उलट दोन वर्सं नवी. अमृत चालवतात. पन वस्तीवर तिच्या गाडीला म्हनतात ‘रेश्माची गाडी’, अन् आमच्या गाडीला म्हनतात ‘ती दुसरी’. सांगा आता, जळायचं न्हाई तर काय करायचं.

आमच्याकडं पेरूला सावड चालते. आज सगळ्या बाया तुझ्या बागेत, उद्या माझ्या. मजुरी न्हाई, दिवसाला दिवस. दिवस उजाडायला तोडायला लागायचं, कॅरेट भरायचं, अन् आपनच गाडीत चढवायचं. कॅरेट कमरेवर घ्यायचं, गुडघ्यानं जरा रेटायचं अन् गाडीच्या हौद्यात सरकवायचं, आतली बाई ओढून घेते. पेरू लई नाजूक. आदळला की तासाभरात डाग धरतो, अन् डाग पडलेला व्यापारी हातात बी घेत न्हाई.

एका साली दसऱ्याच्या आधी अशीच एकदा मी कॅरेट कमरेवर घेऊन उभी हुते, तर रेश्मा मागून आली अन् माझ्या पातळाला खाली-वर काहीतरी करायला लागली. मी म्हनलं, काय गं? म्हनली, अक्का, अळी हुती, काढली. मी म्हनलं बरं. तेवढ्यावर ते मिटलं.

त्या साली राहात्याचा व्यापारी भागवतशेठ वस्तीवर येऊन सांगून गेला. त्याचा मोठा ट्रक सकाळी नऊला मुंबईला हालतो. दिवाळीनंतरच्या हंगामात सगळ्या वस्तीचा माल एकाच गाडीनं यावा, नऊच्या आत यावा, अन् डाग नसावा. कुनाची गाडी ते पहिल्या आठवड्यात बघून ठरवतो म्हनला. माझ्या जिवाला तेव्हापासून एकच लागलं. ते काम आमच्या गाडीला मिळायला पायजे. एक हंगाम तरी आमच्या गाडीला ‘ती दुसरी’ म्हनायचं बंद व्हायला पायजे.

अन् दसऱ्याच्या दोन दिवस आधी रेश्मानं काय करावं? चारीवरच्या काळ्या मातीत तिची टायरं झिजून गोटा झाली हुती. राहात्याला भिमाजीच्या टायरच्या दुकानात गेली ती दिवसभर तिथंच बसली अन् संध्याकाळी आली ती लोडिंगची नवीकोरी टायरं घालून. जाड जाड रबर, आत भक्कम लोखंडी डिस्क, काळी कुळकुळीत. दसऱ्याला झेंडूची माळ घालून पूजा केली तर सगळी वस्ती गोळा. रंगुबाई म्हातारी टायरवरून हात फिरवीत म्हनली, पोरी, आता चिखलाच्या बापाला भ्यायचं कारन न्हाई. मी बी हात लावून बघितला. त्या नक्षीत माझं बोट पेरभर आत गेलं. छातीवर धोंडा ठेवून म्हनलं, लई भारी झाली गं गाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिच्या गाडीच्या मागं, फाळक्याखाली हौद्याच्या कडेला जी कडी असते तिला, काळा दोरा लोंबतोय. पार जमिनीपर्यंत. अन् खाली एक घट्ट गाठ.

बारा वर्सांत ह्या बाईनं गाडीला कधी लिंबू बांधलं न्हाई, जुनी चप्पल लटकावली न्हाई. असल्या गोष्टींना हसायची. अन् मी गाडीला चांगलं म्हनल्यावर बरोबर दुसऱ्या दिवशी काळा दोरा? म्हंजे माझी नजर लागते हिच्या गाडीला. साऱ्या वस्तीनं बघितलं, त्यात माझीच तेवढी वाईट. माझ्या डोळ्याला पानीच आलं रागानं. दोन दिवस ते गिळलं. तिसऱ्या दिवशी ती चहा प्यायला आत गेली तेव्हा विळ्यानं दोरा कापला अन् कमरेच्या पिशवीत कोंबला. ती शोधायला लागली तर मी म्हनलं, कुत्र्यानं ओढला असंल. ती माझ्याकडं जरा बघत राह्यली अन् म्हनली, असू द्या.

त्या दिवसापासून मी अमृतच्या मागं लागले. हे मानूस म्हंजे देवाची गाय, चार वेळा विचारल्यावर एकदा बोलनार. तिच्यासारखी टायरं न्हाई, तिच्याहून मोठी पायजेत, मी म्हनलं. चार दिवसांनी ते म्हनले, ‘‘गाडी उंच व्हईल गं.’’

‘‘होऊ द्या. खाली राहून काय मिळालं आपल्याला?’’

दिवाळीच्या पाडव्याला गेलो भिमाजीकडं. त्यानं बी विचारलं, वहिनी, माल भरनार कोन, गडी का बाया? मी म्हनलं, तुमाला काय करायचंय, दुकानातली सगळ्यात मोठी लावा. लावली त्यानं. रुंद डिस्क, जाडजूड टायरं, मागं स्प्रिंगचा एकेक पाटा जादा टाकला म्हंजे ओझ्यानं बसायला नको. गाडी वस्तीवर आली तेव्हा पोरं ‘ट्रक आला ट्रक’ म्हनून पळत आली. आत्याबाईंनी पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा काय उचलंना. म्हनल्या, मला बाई शिडी लागंल. मी मनात म्हनलं, जळा आता तुमी बी. त्या रात्री मला अशी झोप लागली म्हनता.

हंगामाचा पहिला आठवडा लागला. पहिला दिवस आमच्या बागेचा. भागवतशेठचा मानूस वजनकाटा घेऊन बांधावर हजर. सहा बायांनी सपासप माल तोडला, साडेसातला ऐंशी कॅरेट तयार. अमृतनी गाडी मागं घेतली, फाळका उघडला. रंगुबाईनं पहिलं कॅरेट कमरेवर घेतलं, गुडघ्यानं रेटलं, अन् ते हौद्याच्या कडेच्या चांगलं वीतभर खाली आपटलं.

मग तिनं छातीपर्यंत उचललं. हात पुरले न्हाईत, कॅरेट कलंडलं, पेरू धडाधडा मातीत. दुसरी बाई आली, तिचं बी तेच. म्हातारीच्या डोळ्यांत पानी आलं, लागलं म्हनून न्हाई, माल सांडला म्हनून. मी म्हनलं, सरा, उसाच्या मोळ्या फेकल्यात मी. पदर खोचला, कॅरेट घेतलं अन् डोक्याच्या वर नेलं. पन मोळी फेकायची असते, कॅरेट ठेवायचं असतं. कडा माझ्या गळ्याशी येत हुती. टाकलं कसंबसं, ते आत आदळलं. असली बारा टाकली. भागवतशेठच्या मानसानं वर चढून बघितलं, अन् बाराच्या बारा बाजूला काढली.

सव्वाआठ झाले. रेश्मा गेली, तिची गाडी आनली, आमच्या गाडीच्या शेजारी मागं घेऊन उभी केली. मला म्हनली, ‘‘अक्का, नऊला ट्रक हालंल. भरा.’’

बाया भरायला लागल्या. मी बी लागले, माल माझाच हुता, करते काय. कॅरेट कमरेवर घेतलं, रेटलं, अन् ते ओट्यावर कळशी ठेवावी तसं आत गेलं. ना वाकावं लागलं, ना उचलावं लागलं. पंचवीस मिनिटांत गाडी भरली. वस्तीचं काम रेश्माच्या गाडीला लागलं ते तिथंच, शेठला आठवडा थांबायची गरज पडली न्हाई. वर बायांनी सांगून टाकलं, सविता, तुझ्या बागेत येऊ, पन तुझ्या गाडीत भरनार न्हाई. आमची गाडी बांधावर रिकामी उभी, त्या उंच टायरांवर. मला ती पेटवून द्यावी वाटली.

चार दिवसांनी मीच म्हनलं, चला भिमाजीकडं, उतरवू हे सोंग. भिमाजीनं विचारलं, गाडी किती खाली घ्यायची? मी हवेत हात धरून दाखवला, एवढी. तो हसला. म्हनला, वहिनी, असं अंदाजानं जमत न्हाई. तुमच्या जाऊबाई काळा दोरा घेऊन आल्त्या. वरचं टोक हौद्याच्या कडेला धरायच्या अन् खालची गाठ जमिनीला टेकते का बघायच्या. दोन जोड टायरं परत पाठवली, जादा पाटा नको म्हनल्या. हवा कमीजास्त झाली का तेबी रोज बघता यावं म्हनून दोरा कडीलाच बांधनार म्हनल्या.

मी विचारलं, ‘‘माप कुनाचं हुतं?’’

‘‘सावडीत सगळ्यात ठेंगनी बाई कोन हाय, तिच्या कमरेचं. मी म्हनलं, त्यांनाच आना की हितं, उभं करून बघू. तर म्हनल्या, नको, त्यांना बुटकं म्हनलेलं खपत न्हाई.’’

त्या बिचाऱ्याला काय माहीत ती बाई कोन. अमृत मात्र तोंड फिरवून रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागले.

मी दुकानाच्या मागं गेले, जुन्या टायरांच्या ढिगाआड. पिशवीतून दोरा काढला. गाठ पायाच्या अंगठ्याखाली दाबली अन् दोरा ताठ वर धरला. टोक आलं बरोबर कमरेवर, निऱ्या खोचते तिथं. त्या दिवशीची अळी मला तेव्हा आठवली. लाज वाटली, व्हय. पन खरं सांगू का, लाजेच्या आधी पोटात तीच जुनी आग उठली, की हे बी तिलाच सुचावं. शेवटी पदरानं तोंड पुसलं, पुढं आले अन् दोरा भिमाजीच्या हातात दिला. म्हनलं, ह्या मापानं करा, अन् झाल्यावर दोरा मला परत द्या.

दुसऱ्या दिवशी माल तोडून झाल्यावर रेश्माच्या गाडीमागं गेले अन् कडीला दोरा बांधत हुते, तर ती हवा बघायला पाना घेऊन आली. टायरवर एकदा पाना हानला, आवाज ऐकला, मग माझ्या हाताकडं बघितलं.

‘‘सापडला व्हय, अक्का?’’

‘‘व्हय,’’ मी म्हनलं. ‘‘अळी हुती त्याच्यावर. म्हनून काढून ठेवला हुता.’’

ती खाली बसली, गाठ जमिनीला टेकते का बघितलं, अन् पुढच्या टायरकडं गेली. मी पहिलं कॅरेट कमरेवर घेतलं.