लुगडं नेसवायचं कुणी

पटकीची साथ होती त्या वर्षी, वैशाखात, पहाटे माझी वहिनी वारली. महाराज गादीवर येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. नेमकं साल मी सांगत नाही, कारण घरात ते कुणी टिपून ठेवलेलं नाही. आदल्या दुपारी वहिनी आडावरून पाणी घेऊन आली होती. दिवेलागणीला जुलाब सुरू झाले आणि उजाडायच्या आत सगळं संपलं. मागे माझा थोरला भाऊ आणि त्यांची सात वर्षांची मुलगी राहिली.

आज ज्या भागाला शिवाजी पेठ म्हणतात तिथं आमचं घर होतं. पुढे सोपा, मागे दोन खोल्या. भाऊ शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होता. आईवडील आधीच गेले होते. शेजारच्या घरात चुलता आणि चुलती राहत. चुलतीला आम्ही थोरली काकी म्हणत असू. लग्न असो, बारसं असो की मयत, आमच्या घरात काय करायचं ते काकी ठरवी.

नवरा जिवंत असताना बाई गेली की तिला नवरीसारखी सजवून नेण्याचा रिवाज होता. हळदीकुंकू लावायचं, हातात हिरव्या बांगड्या भरायच्या आणि माहेरहून आलेलं हिरवं लुगडं नेसवायचं. ते लुगडं येईपर्यंत तिरडी उचलत नसत. वहिनीच्या माहेरी एकच माणूस उरलं होतं, पेठ वडगावची तिची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेल्यामुळे वहिनीला हिनंच वाढवलं होतं आणि लग्नही हिनंच लावून दिलं होतं. ही बहीण विधवा होती.

उजाडताच एक चुलतभाऊ घोड्यावरून वडगावला सांगावा घेऊन गेला. तिकडून बैलगाडी यायला दुपार उलटणार हे सगळ्यांना माहीत होतं. साथीच्या बंदोबस्तावरचा माणूस सकाळी येऊन दारात चुना टाकून गेला. जाताना त्यानं सांगितलं, की मढं फार वेळ ठेवू नका आणि हात लावाल तर राखेनं धुवा. हे त्यानं सोप्यात उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. त्यानंतर वहिनी होती त्या खोलीत कुणी गेल्याचं मी पाहिलं नाही. काकीनं उंबऱ्याबाहेरूनच तांब्याभर पाणी आत शिंपडलं.

बायका परसात आणि स्वयंपाकाच्या खोलीत बसल्या होत्या. मुलगी चुलीजवळ होती. आलेली प्रत्येक बाई तिला जवळ ओढून तेच सांगत होती.

"रडू नगं गं. भाग्याची तुझी आई. कुकवासंगट गेली."

"अशी अहेव जायाला नशीब लागतंय. आमच्या नशिबात हाय का न्हाय कुनाला दखल!"

मुलगी पहिल्या दोघींशी काही बोलली नाही. तिसरी तेच म्हणाली तेव्हा ती "व्हय" म्हणाली.

सोप्यात पुरुष होते. भाऊ खांबाला टेकून बसला होता. दुपारी चुलत्याच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. त्यांनी पान लावता लावता चुलत्याला विचारलं, "दिवाणजीचं वय काय हो?"

"तीस असंल."

"मंग काय, तरणाच की! पोरगी लहान हाय, घरात बाईमानूस न्हाय. वरीस बसू नगा. कागलाकडं आमच्या साडूची एक हाय, चांगली दनकट. असल्या साथीला दाद द्यायची न्हाय."

दोघंतिघं हसले. चुलता म्हणाला, "आधी हिला तर पोचवू द्या, पावणं." तोही हसला. भाऊ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं मान वर केली नाही.

उन्हं कलल्यावर गाडी आली. वहिनीची बहीण उतरली. चाळिशीची बाई, कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर विटक्या रंगाचं लुगडं. तिच्या काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. वडगावच्या बाजारात दुकान बंद होतं, दुकानदाराला घरातून उठवून आणून तिनं लुगडं घेतल्याचं गाडीवानानं मला सांगितलं. ती रडत ओरडत आली नाही. तिनं पायावर पाणी घेतलं आणि सरळ आतल्या खोलीकडे निघाली. काकी खोलीच्या दारात आडवी आली.

"लुगडं हिकडं दे."

"मी नेसवते की, काकी."

"तू?"

"मीच न्हाऊमाखू घातलीया तिला. पयलं लुगडं बी मीच नेसवलंय. ह्येबी मीच नेसवते."

"तवाचं येगळं. तवा तुझं कुकू व्हतं." काकीचा आवाज परसापर्यंत गेला. "अहेव बाईला रांडावलेल्या बाईचा हात लावायचा? मेली तरी अहेव म्हनून निघालीया. त्येवढं तरी धड जाऊ दे तिला."

बहिणीनं गाठोडं छातीशी धरलं. "माझ्या हातानं तिचं काय वाटुळं व्हनार हाय आता?"

"आमच्या घराचं व्हईल. पोरगी हाय घरात, उद्या लगीन व्हायचंय तिचं." मग काकी बायकांकडे वळून म्हणाली, "बघा की. हिला मागं ठिवली आनि तिला न्हेली. द्येवाला बी कळंना झालंय."

परसातल्या दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. त्या रडत होत्या की नाही ते मला दिसलं नाही. बहीण सोप्याकडे पाहत होती. भाऊ तिथून दिसत होता आणि त्याला हे सगळं ऐकू जात होतं. तो जागचा उठला नाही. तिनं गाठोडं काकीच्या हातात दिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

काकीनं फडकं सोडलं. लुगडं हिरवं होतं, तांबड्या काठाचं, घडी न मोडलेलं. तिनं ते आपल्या थोरल्या सुनेकडे धरलं. सून म्हणाली, "मला दिस गेल्यात, आत्याबाई. तुमीच म्हनालासा, मढ्याजवळ जायाचं न्हाय म्हनून." ते खरं होतं. काकीनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण म्हणाली, "माझं प्वार अंगावर पितंय. त्येला काय झालं म्हंजी?" दारात आणखी एक बाई उभी होती. ती म्हणाली, "आलेच, म्हस सुटलीया," आणि गेली. ती परत आली नाही.

सुनेनं विचारलं, "मंग तुमीच नेसवा की, आत्याबाई. तुमी मोठ्या."

"माझं गुडघं धरल्यात," काकी म्हणाली. "मला खाली बसाय येत न्हाय."

ती सकाळपासून बायकांत मांडी घालून बसत होती, उठत होती. बाहेरून चुलत्यानं हाक दिली, की उन्हं उतरायला लागली, आवरा. लुगडं काकीच्या दोन्ही हातांवर तसंच होतं.

बांगड्या भरायला बोलावलेली मणेरीण एवढा वेळ परसातल्या दगडावर टोपली घेऊन बसली होती. ती आमच्या आळीची जुनी, मुसलमान घरातली बाई. तिनं विचारलं, "मी जाऊ का आत? मला आजून दोन घरं करायची हायती."

"जा," काकी म्हणाली.

मणेरीण उठली आणि खोलीत गेली. वहिनीची बहीण भिंतीपासून उठली, तिनं काकीच्या हातांवरचं लुगडं उचललं आणि ती मणेरणीच्या मागोमाग आत गेली. काकी दारात होती. ती बाजूला झाली. दार आतून लोटलं गेलं.

आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मणेरणीनं नंतर सांगितलं ते असं. बहिणीनं आधी कळशीतल्या पाण्यानं वहिनीचं सगळं अंग धुतलं, कारण सकाळपासून ते कुणी केलं नव्हतं. मग दोघींनी मिळून लुगडं नेसवलं. अंग ताठलं होतं, त्यामुळे निऱ्या घालताना वेळ लागला. बांगड्या हातात जाईनात तेव्हा बहिणीनं वहिनीचा तळवा तेल लावून चोळला. कुंकू लावायची वेळ आली तेव्हा ती थांबली आणि मणेरणीला म्हणाली, "तू लाव." मणेरीण म्हणाली, "आमच्यात लावत न्हाईत, मला जमायचं न्हाय, तूच लाव." तेव्हा बहिणीनं लावलं.

दार उघडलं तेव्हा वहिनी तयार होती. काकी उंबऱ्यातून वाकून पाहत म्हणाली, "निऱ्या बऱ्या बसल्यात." मग तिनं बायकांना रडायला सांगितलं आणि त्या मोठ्यानं रडल्या.

तिरडी उचलली. बायका आमच्याकडे मसणवट्यात येत नाहीत. बहीण दारापर्यंत आली आणि थांबली.

पंचगंगेच्या काठावर सरण तयार होतं. प्रेतावरचं नवं कापड तिथल्या राखणदाराला द्यायचा रिवाज होता. तो त्याचा हक्क होता आणि त्यानं तो रीतीप्रमाणे मागितला. चुलता लुगड्याच्या पदराला हात घालायला पुढे झाला. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्ये." चुलता म्हणाला, "आरं, त्येचं त्येला द्याय पायजे." भावानं डोक्याचा पटका उतरवला आणि राखणदाराच्या हातात दिला. राखणदारानं तो उलगडून पाहिला, घेतला आणि बाजूला झाला. भावानं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीनं गाडी जुंपायला सांगितली. तिसऱ्या दिवसापर्यंत राहायचा रिवाज होता, पण राहा असं तिला कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही. तिनं भाचीच्या केसांना तेल लावून वेणी घातली. मी गाडीपर्यंत गेलो. चढताना तिनं विचारलं, "धाकटं पावणं, लुगडं कुनी घेतलं?"

"कुनी न्हाय."

"म्हंजी?"

"दादानं घेऊ दिलं न्हाय. तसंच गेलं."

"नेसल्यालं?"

"नेसल्यालं."

ती गाडीत बसली. गाडीवानानं बैल हाकले आणि गाडी वडगावच्या रस्त्याला लागली.